हवालदारांची जागा

१७ मे

मी दैनंदिनी लिहिणाऱ्यांतली नाही. शाळेत हजेरीपट लिहिले तेवढे पुरे झाले. आज लिहायला बसले, कारण पोलीस पाटील सर्जेराव सकाळी दारात उभे राहून सांगून गेले, "बाई, धनाजीनं तहसीलला अर्ज दिलाय. तुमी त्याच्या चुलत्याला परस्पर पुरलं म्हनतोय. काय झालं, कसं झालं, रोजच्या रोज लिवून ठेवा. तोंडी सांगितलेलं टिकत न्हाई."

बरोबर आहे. लिहिते.

हवालदार कोंडिबा शिरवले, वय शहात्तर, चौदा तारखेला दुपारी आपल्या पडवीत बाजेवर वारले. माझे शेजारी. धरणात जुनी वाडी गेली आणि आम्ही वर सरकलो, तेव्हापासून आमच्या भिंती लागून आहेत. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून मी नेहमी त्यांच्या उजव्या बाजूने चालत असे. यापलीकडे सांगण्यासारखा काही संबंध नाही.

आरोग्य केंद्रातून डॉक्टर आले, तपासले, दाखला दिला. पुतण्या धनाजी टेम्पो घेऊन नाशिककडे गेलेला, मोबाईल लागत नव्हता. उन्हाळ्यात मयत ठेवता येत नाही. हवालदारांनी मला आणि सर्जेरावांना, दोघांनाही वेगवेगळे सांगून ठेवले होते की मला जाळू नका, पुरा. आमच्याकडे तान्हे मूल पुरतात, गोसावी असेल तर पुरतात. मराठ्याच्या बाप्याला कुणी पुरत नाही. स्मशानाच्या जागेत खड्डा नको, असे लोक म्हणाले. त्यांचेही चूक नाही.

शेवटी धरणाच्या पोटात पुरले. पाणी उतरले की तिथली जुनी खाचरे उघडी पडतात. त्यातले एक हवालदारांचे, संपादनात गेलेले. जागा त्यांनीच दाखवून ठेवली होती. खणायला बौद्धवस्तीतला धम्मदीप आणि त्याचे भाऊ आले. धम्मदीप म्हणाला, "बाई, आमच्यात पन पुरनं बंद होऊन लई वर्सं झाली. आजा असता तर त्यानं सांगितलं असतं कसं करायचं." तरी त्याने नीट केले.

आणखी एक. हवालदारांनी सांगितले होते, "मला कुशीवर झोपवा, तोंड पश्चिमेला. आन् आधी गार झालोय का बघा." तेही मी पाहिले. छातीवर हात ठेवला. खात्री करायची होती. सर्जेराव म्हणाले, "बाई, बास आता." तेव्हा हात काढला.

१८ मे

धनाजी आला. चप्पल न काढता माझ्या पडवीत उभा राहिला. हा माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला आहे, आणि चप्पल काढ म्हणून सांगायचे माझ्या ओठांवर आले होते. सांगितले नाही.

"तुमी आमच्या कोन लागता?"

"शेजारीण."

"शेजारनीनं कोरड्यास द्यावं, इरजन मागावं. मानूस पुरू नये."

मी म्हणाले, "त्यांनी सांगितले होते."

"तात्या म्हातारा झालता. म्हाताऱ्याचं काय, उद्या म्हनला असता मला झाडाला टांगा. टांगला असता का?" मग आवाज खाली आला. "भोरच्या स्टँडवर लोक इचारत्यात, शिरवल्यांनी चुलत्याला मेल्या जनावरावानी मातीत घातला व्हय? मुलगा न्हवता त्याला. आग म्याच द्यायची हुती. लहानपनापासनं ठाऊक हुतं मला, तात्याला आग म्या देनार."

तो म्हणाला, पाणी चढायच्या आत मी त्याला वर काढणार आणि रीतीने जाळणार. मग गेला. जाताना दार ओढून घेतले, आपटले नाही.

मी हवालदारांना शब्द दिला आहे. कुणाला उकरू देणार नाही. पाऊस सुरू झाला की पाणी चढेल, आणि एकदा त्या खाचरावर पाणी आले की प्रश्न मिटला. तोपर्यंत निभवायचे.

२२ मे

दुपारी टिकावाचा आवाज आला. दोन घाव, मग थांबणे. पुन्हा दोन घाव.

धनाजी आला असे वाटून मी तशीच उठले, डोक्यावर पदर घेऊन खाली उतरले. धरणाच्या पोटात भर दुपारी चिटपाखरू नसते. भेगाळलेला गाळ, मेलेली शिंपली, जुन्या विहिरीचे कठडे. कुणी नव्हते. हवालदारांच्या जागेवर धम्मदीपने रचलेले दगड होते तसेच.

सुतारपक्षी असेल. किंवा कुणाचा पंप.

२३ मे

आज पुन्हा. मी गेले नाही. कपडे धुतले.

२६ मे

सर्जेरावांनी विचारले, "बाई, पन त्यांनी असं का सांगितलं? अर्जात त्येच लिवलंय, कारन काय म्हनून." तेव्हा हवालदारांनी मला सांगितलेले इथे लिहिते. दोन वर्षांपूर्वी सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झाले. त्यांना पाहुणे म्हणून बोलावले होते. मुलांनी विचारले, आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले? घरी परत येताना वाटेत बोलले. मी उजव्या बाजूला होते.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिमेच्या सरहद्दीवर ते होते. एका कालव्याच्या काठी रात्रभर चकमक झाली. सकाळी पलीकडच्यांचे अकरा जण अलीकडे पडलेले. त्यांना पुरायचे काम हवालदारांच्या तुकडीला मिळाले. तेव्हा ते साधे शिपाई, वय बावीस.

"सुभेदारसायब म्हनले, त्यांच्या धर्मापरमानं तोंडं पश्चिमेला करा. केली. परत गोळीबार सुरू झाला. बिगी बिगी उरका म्हनले. शेवटच्याच्या काखंत हात घातला, बाई. गरम लागला."

"मग?"

"मग काय. माती वढली."

मी त्यांना सांगितले की जाड कोट असला तर मेलेल्या शरीराची ऊब बराच वेळ राहते, हे शास्त्र आहे. ते म्हणाले, "व्हय. आसंल." थोडे चालून म्हणाले, "बाकीचं धा जनबी कोटातच हुतं. ते गार हुतं." माझ्या सांगण्याने त्यांचे समाधान झाले असावे, कारण पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. फक्त घराशी आल्यावर म्हणाले, "म्या त्यांना मातीत घातलं. मी आगीत गेलो तर त्यांना वाटंल, ह्यो सुटला."

सर्जेरावांना मी अकरा जणांना पुरल्याचे सांगितले. गरम अंगाचे सांगितले नाही. पंचायतीच्या ओट्यावर चघळायचा तो विषय नाही.

२७ मे

काल लिहिताना एक राहिले. दर उन्हाळ्यात पाणी उतरले की हवालदार आपल्या खाचरात खड्डा खणत. माणूसभर लांब, कंबरभर खोल. भर दुपारी. खणून झाला की काठावर बसून आत पाहत, आणि दिवस कलायच्या आत बुजवून टाकत. दुसऱ्या दिवशी थोड्या अंतरावर पुन्हा. शाळेतली मुले त्यांना खड्डेवाले तात्या म्हणत, मी त्यासाठी मुलांना उठाबशा काढायला लावल्या आहेत. एकदा विचारले, नाचणी लावायला एवढा खड्डा कशाला? म्हणाले, "जमीन मोकळी करतोय, बाई."

का खणत, मला सांगता येत नाही. लष्करातली सवय असेल.

२ जून

धनाजीची आई, धोंडाबाई, काठी टेकत आली. हवालदारांची भावजय. डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र धारेची. येताना घावन घेऊन आली. मुलाचे माझ्याशी भांडण आहे हे तिच्या गावीच नव्हते.

म्हणाली, "दुपारचं भावजी खनत्यात. तुमचं घर तर जवळ. ऐकू येत न्हाई?"

"नाही."

"मंग तुमचं कान गेलं. माझं डोळं, तुमचं कान. दोगी मिळून एक धड बाई व्हतीया." स्वतःच हसली. मग म्हणाली, "म्या एकदा इचारलं हुतं भावजीस्नी, लगीन का करत न्हाई. माझ्या म्हायेरची, वेल्ह्याकडची, चांगली पोरगी बघितलेली. म्हनलं, 'वैनी, रातचं शेजारी मानूस निजलं, हात लागला, गरम लागला, तर मला सोसायचं न्हाई.' असं कुनी बोलतं का?"

मी घावनाचे पीठ कुठल्या तांदळाचे ते विचारले. आंबेमोहोर म्हणाली.

ती गेल्यावर घावन तसेच राहिले. ताटावर ताट झाकून ठेवले.

१० जून

भोरला जाऊन आले. एसटी हिर्डोशीहून निघायलाच उशीर. तहसील कचेरीत कारकुनाने माझे म्हणणे ऐकून घेतले. सभ्य माणूस. म्हणाला, डॉक्टरांचा दाखला आहे, संशय कुणाचा नाही, तेव्हा हे प्रकरण पोलिसांकडे अभिप्रायाला जाईल, मग परत येईल, मग बघू. "बाई, आमच्या कागदापेक्षा तुमच्या धरणाचं पाणी आधी येईल." मला बरे वाटले. जबाबावर नात्याची जागा होती. मी तिथे रेघ मारली.

बाहेर धनाजी टेम्पोला टेकून उभा. त्यालाही तेच सांगितले होते.

"कागद येईस्तवर पानी येनार, बाई. मला कागद नगं. म्या टिकाव घेऊन येतो."

"मी तिथे उभी राहीन."

"ऱ्हावा. छत्री आना."

मग म्हणाला, "गाडीत बसा, वाडीला सोडतो." मी बसले.

२४ जून

पाऊस लागला. भाताच्या रोपांची लगबग. कुणाला वेळ नाही. पाणी जुन्या विहिरीच्या कठड्यापर्यंत आले आहे.

पाऊस असला तरी दुपारचा आवाज थांबलेला नाही. पावसात सुतारपक्षी काम करत नाही हे मला माहीत आहे.

२९ जून

जे मनात आहे ते लिहून टाकावे, म्हणजे ते कागदावर राहील आणि मी झोपेन.

चौदा मेला पडवीचा पत्रा तापला होता. बाज तापली होती. मी हवालदारांच्या छातीवर हात ठेवला तेव्हा हाताला काय लागले? गार, असे मी म्हणाले. सर्जेरावांसमोर म्हणाले. पण त्या दुपारी घरात गार काहीच नव्हते. माठसुद्धा नव्हता.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, छातीला नळी लावली. ते चुकले असे मी म्हणत नाही. मी पदवीधर आहे, शास्त्र मला कळते. मेलेले शरीर भोवतालच्या हवेइतके गरम राहते, एवढेच झाले असणार.

पण मला आठवत नाही. हात ठेवलेला आठवतो, छातीवरचे पांढरे केस आठवतात, सर्जेरावांचे "बास आता" आठवते. हाताला काय लागले ते आठवत नाही.

खाली दोन घाव पडतात, मग थांबतात. कोण कोणाला काढायला खणते आहे, असा एक मूर्ख विचार आला. लिहिला नसता तर बरे.

३ जुलै

धनाजीने उकरले तर मला कळेल, हवालदार ठेवले तसेच कुशीवर आहेत की नाहीत. हा विचार सकाळी भाकरी थापताना आला आणि हात थांबला. मी उकरू देणार नाही असा शब्द दिला आहे. आणि मीच वाट पाहते आहे.

७ जुलै

आज झाले. सविस्तर लिहिते, कारण यातला जरुरीपुरता मजकूर उतरवून त्यावर सर्जेरावांची सही घ्यायची आहे.

सकाळी धनाजीचा टेम्पो उतारावर आला. मागे लाकडे, गोवऱ्या, ताडपत्री. सोबत कुणी नाही. सर्जेराव कर्तव्य म्हणून आले, छत्री धरून माझ्याशेजारी उभे राहिले. पाणी जागेपासून खाटभर अंतरावर. पाऊस रिपरिप.

मी दगडांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "धनाजी, तुझ्या चुलत्याची इच्छा नव्हती."

"बाई, बाजूला व्हा. तुमाला हात धरून बाजूला करायला लावू नगा. तुमी मला बाराखडी शिकवलीया."

मी बाजूला झाले. शब्द दिला होता, तरी झाले. म्हातारपणामुळे झाले असे म्हणता येईल, पण तसे नव्हते.

त्याने दगड एकेक करून नीट बाजूला रचले. मग टिकाव घातला. दोन घाव, मग दम. पुन्हा दोन घाव. तोच ताल. मी सर्जेरावांच्या छत्रीचा दांडा धरला. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "वारा आहे."

खड्डा कंबरेपर्यंत गेला तेव्हा खालून पाणी झरायला लागले. आधी पोटऱ्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. धनाजी खोऱ्याने चिखल उपसत होता, पण जेवढा उपसे तेवढा परत भरे. मी मनाने हवालदारांपर्यंतचे अंतर मोजत होते. हातभर राहिले असेल.

तो थांबला. खोऱ्यावर हात टेकून खड्ड्यातूनच बोलला, वर न बघता.

"आई सांगत हुती, त्या अकरातला एक जन गरम हुता म्हनून."

म्हणजे धोंडाबाईला सगळे माहीत होते.

"हो," मी म्हणाले.

"म्हनून तात्या हितं खनायचा."

इतकी वर्षे शेजारी राहून मला जे सांगता आले नाही, ते तो गुडघाभर चिखलात उभा राहून सांगत होता.

"त्या अकरांच्या घरच्यांनी हुडकलं असंल का त्यांना?"

"त्यांना जागा कशी कळणार?"

"तात्याला ठाऊक हुती."

"हो. त्यांनी सांगायचे कुणाला?"

पाऊस टेम्पोच्या ताडपत्रीवर वाजत होता. मग त्याने वर पाहिले. चौथीतला चेहरा, फक्त दाढी वाढलेली.

"बाई, एक खरं सांगा. तात्या गार हुता का?"

इथे मी म्हणू शकले असते, अजून हातभर खण. सर्जेराव साक्षीला होते. त्याने खणले असते. मला कळले असते, आणि दुपारचा आवाज सुतारपक्ष्याचा की कशाचा हा प्रश्न कायमचा सुटला असता. आणि त्याने आत काही वेगळे पाहिले असते, तर पुढच्या उन्हाळ्यापासून याच गाळात धनाजी खणत बसला असता.

"होता," मी म्हणाले. "दगडासारखा गार. मी स्वतः हात लावून पाहिले."

"सोता?"

"स्वतः."

त्याने खोरे वर फेकले आणि हात पुढे केला. सर्जेरावांनी छत्री टाकून त्याला वर ओढले.

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "ह्यो कुठं हाय ते मला तरी ठाऊक हाय."

माती त्यानेच लोटली. दगड होते तसे रचले. टेम्पोतल्या गोवऱ्यांतली एक पेटवायचा प्रयत्न केला, पावसात पेटेना, तेव्हा तशीच दगडांवर ठेवली आणि हात जोडले. सर्जेराव रडत होते. मी नव्हते.

वर येताना धनाजी म्हणाला, "पन बाई, गाळ बसनार. दर साली थर वाढतोय. दगड दिसायचं न्हाईत. मंग माझ्या पोरांना जागा कशी घावायची? तुमी लिवून द्या."

९ जुलै

काल दुपारी आवाज आला. खाचरावर पाणी होते.

आज सकाळी धनाजी आणि धोंडाबाई आले. धनाजीने चप्पल दाराबाहेर काढली. सर्जेरावांसमक्ष मी माझ्याकडे ठेवलेले हवालदारांचे सामान त्यांना दिले. लोखंडी ट्रंक, तिची किल्ली, दोन पदके, गणवेशाचा एक सदरा, पेन्शनचे कागद, टिकाव आणि खोरे. धोंडाबाईने सदरा नाकाशी धरला आणि म्हणाली, "डांबराच्या गोळ्या घातल्यात बाईंनी. मानसाचा वास घालवला." मग तो घडी करून मांडीवर ठेवला.

जागेचा कागद मी दोन प्रतींत केला आणि वाचून दाखवला. धनाजी म्हणाला, "त्याच कागदावर ते अकराबी लिवा."

मी म्हणाले, "ते फार लांब आहे. नेमकी जागा मला माहीत नाही. हवालदार जेवढे बोलले तेवढेच लिहिता येईल."

"तेवढं लिवा."

मी लिहिले, 'अकरा मृत सैनिक'. तो खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "मृत लिवू नगा. अकरा मानसं लिवा."

मी खोडले आणि तसे लिहिले. त्याला दिलेल्या कागदाची ही नक्कल.

हवालदार कोंडिबा शिरवले यांची जागा. वाडीच्या म्हसोबाजवळच्या जांभळाखाली उभे राहून पलीकडच्या डोंगरातल्या खिंडीकडे पाहावे. शाळेच्या कोपऱ्यावर उभे राहून जुन्या विहिरीकडे पाहावे. या दोन्ही नजरा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे. कुशीवर, तोंड पश्चिमेला. १४ मे रोजी पुरले. अंग गार असल्याची खात्री मी केली.

त्यांनी पुरलेली माणसे. पश्चिम सरहद्द, डिसेंबर १९७१. कालव्याचा अलीकडचा काठ, पडक्या रहाटाच्या विहिरीजवळ, शिसवाच्या रांगेखाली. अकरा माणसे. तोंडे पश्चिमेला. शेवटचा माणूस रांगेच्या उत्तर टोकाला आहे. नावे माहीत नाहीत. कुणी विचारत आले तर हा कागद दाखवावा.

दिला: नूतन घाटगे. घेतला: धनाजी शिरवले. समक्ष: सर्जेराव, पोलीस पाटील.